सुभासाहेबांविरुद्ध वकीलसाहेब

देवासला त्या काळी दोन राजे होते. थोरली पाती आणि धाकटी पाती अशी संस्थानाची वाटणी झालेली होती आणि दोघांची न्यायालये एकाच गावात होती. दोन्हीकडे वकिलीची सनद असलेली माणसे बरीच होती. घोड्यावर बसून कोर्टात येणारे मात्र एकच, आमचे वकीलसाहेब. त्यांचे घर कोर्टापासून हाकेच्या अंतरावर होते. घोड्यावर खोगीर चढवायला जितका वेळ लागे तितक्यात चालत जाऊन परत येता आले असते. मी हे त्यांना एकदा बोलून दाखवले.

ते म्हणाले, "मास्तर, चालत आलेला वकील अर्ज करतो. घोड्यावरून आलेला मागणी करतो."

प्रत्यक्षात त्यांच्या मागण्या इतरांच्या अर्जांइतक्याच वेळा फेटाळल्या जात.

मी तेव्हा देवासच्या शाळेत मास्तर होतो आणि पुण्याच्या एका साप्ताहिकाला माळव्याचे बातमीपत्र पाठवत असे. संपादकांचा नियम होता की बातमीत कोण, कुठे, काय एवढेच यावे. विशेषणे कार्यालयात पुरेशी आहेत. मी वकीलसाहेबांच्या समोरच्या घरात भाड्याने राहत असे. पुढे वर्तमानपत्रातच माझे आयुष्य गेले आणि पुष्कळ मोठ्या माणसांवर लिहावे लागले. ह्यांच्यावर लिहायचे राहून गेले होते.

तरुणपणी ते इंग्रजी रिसाल्यात स्वार होते. काबूलकडच्या मोहिमेत गेले, तोफेच्या आवाजाने डावा कान गमावून परत आले. ज्या वयात लोक मुलांच्या परीक्षेची काळजी करतात त्या वयात त्यांनी स्वतः वकिलीची परीक्षा दिली. मग धारच्या दरबाराने त्यांना एका परगण्यावर नेमले. हुद्द्याचे कागदोपत्री नाव निराळे होते, पण लोक त्यांना सुभासाहेब म्हणत. महसूल, फौजदारी, दिवाणी सगळे त्यांच्याच हाती. काही वर्षांनी ते काम सोडून देवासला आले आणि पुन्हा वकिली करू लागले. का सोडले, याविषयी गावात दोन मते होती. दिवाणांशी बिनसले हे एक, आणि तिकडचे पाणी बाधले हे दुसरे. त्यांच्या पत्नीला आम्ही सगळे काकू म्हणत असू. त्यांना विचारले तर त्या सांगत, "घोड्याला तिकडचं गवत मानवलं नाही." नवऱ्याच्या आयुष्यातला कोणताही निर्णय त्या घोड्याच्या नावावर जमा करत.

बैठकीच्या भिंतीला तीन खुंट्या होत्या. एकीवर रिसाल्यातला साफा, दुसरीवर वकिलीची पगडी, तिसरीवर सुभेदारीच्या काळातला जरीचा मंदील. पक्षकार आला की ते त्याची हकिकत तीनदा ऐकत, प्रत्येक वेळी निराळे काहीतरी डोक्यावर घालून. मी स्वतः पाहिलेला प्रसंग एका कापडवाल्याचा आहे. त्याचे दुकान धाकट्या पातीच्या हद्दीत होते. शेजारच्या हलवायाची भट्टी थोरल्या पातीत होती. धूर थोरल्या पातीत निघे आणि धाकट्या पातीतल्या धोतरजोड्यांवर बसे.

साफा घालून त्यांनी विचारले, "तुमच्याकडे माणसं किती आहेत?"

पगडी घालून म्हणाले, "धुराला हद्द कळत नाही, पण कोर्टाला कळते. दावा इथं लावला तर तो तिथं राहतो, तिथं लावला तर तुम्ही इथं राहता."

मंदील घालून ते लोडाला टेकले. मग म्हणाले, "राज्य माझं असतं तर दोघांना एका पंगतीला बसवलं असतं. जिलबी त्याची, पंचा तुमचा."

कापडवाला हात जोडून म्हणाला, "साब, इन तीनों में म्हारो वकील कौन-सो है?"

आतून काकूंचा आवाज आला. "पगडीला धरून राहा, भिया. बाकीचे दोघे पेन्शनीत निघालेत."

लोक हसत, पण कामे घेऊन येत. त्याचे कारण त्यांची एक सवय होती. जमीन पाहिल्याशिवाय जमिनीविषयी बोलायचे नाही. मोरीच्या पाण्याचा दावा असला तर ते मोरीपाशी पालथे पडून उतार पाहत. बांधाचा दावा असला तर बांधावरून घोडा चालवत. कुक्षीच्या बाजारातल्या एका ओट्याच्या भांडणासाठी ते चार दिवसांचा प्रवास करून गेले आणि ओट्यावर बसून एक कणीस खाऊन परत आले. "रिसाल्यात असताना टेकडीपलीकडे काय आहे ते पाहिल्याशिवाय मी कधी घोडा घातला नाही," असे ते सांगत. विरुद्ध बाजूचे वकील त्यांना 'पाहणीवाले' म्हणत. ते नाव त्यांना आवडत असे.

असेच एकदा ते सरदारपूरच्या वाटेवरच्या एका गावी विहिरीच्या भांडणासाठी गेले. ते गाव पूर्वी त्यांच्याच परगण्यात होते. परत आले ते सरळ माझ्या ओट्यावर येऊन बसले. डोक्यावर तिन्हींपैकी काहीच नव्हते.

"मास्तर, बाई विचारल्यावर बोलली नाही, तर त्याचा अर्थ काय?"

मी म्हणालो, "कोणी विचारलं त्यावर आहे."

"मी विचारलं होतं."

मग त्यांनी सांगितले ते असे. सुभा असताना त्यांच्यासमोर त्या गावचा एक दावा आला होता. दोन भाऊ, धाकटा वारला. त्याच्या वाट्याला विहीर असलेले चांगले शेत होते. थोरल्याचे म्हणणे असे की भावजयीने ते शेत आपल्या शेतात मिळवायला तोंडी कबुली दिली आहे आणि आपण तिला आणि तिच्या मुलीला जन्मभर पोसू. माणूस अब्रूदार होता, गावात त्याला पटेल म्हणत. सुभासाहेबांनी बाईला कचेरीत बोलावले. ती घूंघट ओढून खांबापाशी उभी राहिली. त्यांनी विचारले, कबुली आहे का? उत्तर नाही. भिऊ नकोस, म्हणाले. उत्तर नाही. पट्टेवाल्याने तोच प्रश्न माळवीत विचारला. तरी उत्तर नाही. विरोध असता तर बाई बोलली असती, असे धरून त्यांनी तिचे मौन ही संमती मानली आणि निकाल दिला.

परवा त्या गावात ते एका ओसरीवर बसले होते. समोरच्या विहिरीवर बायका इतक्या मोठ्याने बोलत होत्या की साक्षीदाराचे बोलणे ऐकू येईना. तेवढ्यात वाटेवर एक म्हातारा खोकला. सगळ्यांचे पदर एकदम खाली आले आणि विहिरीवर फक्त रहाटाचा आवाज राहिला. त्यांनी शेजारच्या शेतकऱ्याला विचारले, काय झाले?

"जेठजी है, साब," तो म्हणाला. जेठ म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. "जेठ का सामे लाड़ी बोले कई? मर जाय पण बोले नी." लाड़ी म्हणजे घरची सून.

"आणि कचेरीत?"

शेतकरी हसला. "कचेरी में जेठ जेठ नी रेवे कई?"

सुभासाहेबांच्या कचेरीत जेठ, म्हणजे तो पटेल, बाईपासून हातभर अंतरावर उभा होता.

"तुमच्या कारकुनांना, पट्टेवाल्यांना हे ठाऊक नव्हतं?" मी विचारले.

"सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांना वाटलं, साहेबांनाही ठाऊकच असणार." ते म्हणाले. "टेकडीपलीकडे पाहायचं ते फक्त लढाईत, असं मी समजत होतो. सुभा झालो आणि खुर्चीतून गाव पाहिलं."

काकू दारात येऊन ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्या थोरल्या भावजींना मी वाढताना दहा गोष्टी सुनवायची. ह्यांना वाटलं, जगातल्या सगळ्या बायका अशाच. म्हणजे चूक माझीच की!"

एरवी अशा बोलण्यावर ते हसत. त्या दिवशी हसले नाहीत. बाई अजून जेठाच्याच घरी होती. पटेलाने शब्द पाळला होता, तिला आणि मुलीला दोन वेळा जेवायला मिळत होते. पण शेत होते तोवर ती त्या घरात वाटेकरी होती. निकालानंतर ती पोसलेली झाली. जेवायला शेवटी बसणारी आणि शेणाला पहिली उठणारी.

ते धारला जाऊन दिवाणांना भेटले आणि निकालाच्या फेरतपासणीची परवानगी मागितली. दिवाणांनी त्यांना चहा दिला. परगण्यावर पुन्हा तुम्हालाच पाठवायचे मनात होते, म्हणाले. आता तुम्हीच सांगता की तुमचा निकाल चुकला. थोडा विचार करा. वकीलसाहेब म्हणाले, "विचार न करता दिलेलाच तो निकाल आहे, दिवाणसाहेब. पुन्हा तेच कशाला?" परवानगी मिळाली. बाईच्या भावाने तिला माहेरी नेऊन विचारले. तिने वकीलपत्रावर अंगठा दिला.

निघताना त्यांनी मला हाक मारली. "मास्तर, तुम्हीही चला. सुभा होतो तेव्हा माझी तारीफ छापणारे पुष्कळ होते. चूक छापायला कोणीतरी नको का?"

धारच्या कोर्टात त्या दिवशी उभे राहायला जागा नव्हती. एक वकील स्वतःच्याच निकालावर तुटून पडणार, ही करमणूक रोज मिळत नाही. पटेलाच्या गावची माणसे दाराशी दाटीने उभी होती. न्यायाधीश तरुण होते, मुंबईहून कायदा शिकून आलेले, बोलण्यात नेमके. पटेलाच्या बाजूने धारचे एक जुने वकील होते. ते आणि वकीलसाहेब बरीच वर्षे एकमेकांविरुद्ध लढून मित्र झाले होते.

जुने वकील उठले आणि म्हणाले, "माझे विद्वान स्नेही सांगतात की ह्या निकालात शहाणपण नाही. निकाल त्यांचाच आहे. तेव्हा ते मूर्ख होते की आज आहेत, एवढं कोर्टाला कळावं."

"तेव्हा होतो," वकीलसाहेब म्हणाले. "आजचं कोर्टानं ठरवावं."

हशा ओसरल्यावर जुने वकील मुद्द्यावर आले. बाई समोर उभी आहे. कबुली नव्हती तर तिने तसे सांगावे. आणखी पुरावा कशाला? न्यायाधीशांना ते पटले. वकीलसाहेबांनी विनंती केली की जेठाला थोडा वेळ बाहेर पाठवावे. न्यायाधीश म्हणाले की पक्षकाराच्या पाठीमागे त्याच्याविरुद्ध साक्ष घेता येत नाही. कायदा तसाच होता. त्यांनी बाईला स्वतः विचारले, सावकाश, समजुतीने. बाई भिंतीकडे तोंड करून उभी होती. घूंघटाचे टोक हलले, पण आवाज आला नाही. न्यायाधीशांनी पुन्हा विचारले.

"कोर्टानं पाहावं," जुने वकील म्हणाले. "आजही नकार नाही."

मी वकीलसाहेबांच्या मागच्या बाकावर होतो.  जी चूक त्यांनी केली होती तीच त्यांच्या डोळ्यांदेखत दुसऱ्यांदा होत होती, आणि या वेळी ती नियमाला धरून होत होती. ते बाईकडे वळलेही नाहीत. म्हणाले, "मला पटेलांना काही विचारायचं आहे."

पटेल पुढे आला. उंच, पांढरा साफा, पायांत नवी पादत्राणे. त्याने कोर्टाला नमस्कार केला आणि सरळ उभा राहिला. वकीलसाहेब त्याच्याशी हिंदीत बोलले.

"पटेल, तुम्हारे घर की बहू कैसी है?"

"लछमी है, साब."

"कभी झगड़ा? कभी ऊँची आवाज?"

"राम राम! साब, म्हारा घर की लाड़ी है. ऊँची कई ने नीची कई. म्हने तो आज तक इनको बोल नी सुण्यो."

दाराशी उभ्या असलेल्या गावकऱ्यांनी माना हलवल्या. पटेलाच्या घरची रीत त्यांना ठाऊक होती.

"आज तक नहीं सुना," वकीलसाहेब म्हणाले. "तो फिर खेत की हाँ किसने सुनी?"

  जुने वकील झटकन उठले. ते अनुभवी होते, वाट कुठून निघते ते त्यांना दिसले.

"पटेल, समझ के बोलो. दूसरी बातें छोड़ो. खेत की बात में तो एक बार बोली होगी? घर में, रसोई में, कभी तो?"

'हो' म्हणायला एक अक्षर पुरले असते. शेत त्याचेच राहिले असते. पटेलाने दाराशी असलेल्या आपल्या गावाकडे पाहिले. मग भिंतीकडे, जिथे ती पाठमोरी उभी होती.  न्यायाधीशांनी दौतीत बुडवलेली लेखणी तशीच धरून ठेवली होती.

"नी, साब," तो शेवटी म्हणाला. "खेत जाय तो जाय. म्हारा घर की लाड़ी म्हारा सामे नी बोले. कदी नी बोली."

हे सांगताना त्याची मान ताठ होती. वकीलसाहेब खाली बसायच्या आधी टाचा जोडून उभे राहिले आणि त्याला रिसाल्यातला सलाम केला. न्यायाधीशांनी भुवया वर केल्या.

निकाल दुपारनंतर लागला. आधीचा हुकूम रद्द, शेत बाईच्या नावावर. निकालात एक वाक्य असे होते की तत्कालीन अधिकाऱ्याने स्थानिक रीत विचारात घेतली नाही. न्यायाधीश सभ्य होते, ते वाक्य त्यांनी आवाज उतरवून वाचले. वकीलसाहेब उठून म्हणाले, "एवढं पुन्हा वाचावं, महाराज. जरा मोठ्यानं. डाव्या कानानं मला ऐकू येत नाही." न्यायाधीशांनी पुन्हा वाचले. जुने वकील रुमालात तोंड लपवून हसत होते.

परगण्यावर पुढे दुसऱ्याच गृहस्थांची नेमणूक झाली. साप्ताहिकात मी थोडक्या ओळींत निकाल दिला. संपादकांनी त्यातून 'आश्चर्यकारक' हा शब्द काढला, आणि ते बरोबर होते. त्यानंतर कोर्टाच्या आवारात जे घडले ते मी पाठवले नाही, कारण ती बातमी नव्हती.

आवारात कडुनिंबाखाली आम्ही पाणी पीत होतो. बाई तिच्या भावाबरोबर पलीकडच्या ओट्यावर बसली होती. पटेल आमच्याकडे आला.

"वकील साब, खेत तो इनको व्यो. बरोबर. अब हाँकेगा कुण?"

पेरणी तोंडावर आली होती. भावाचे गाव लांब होते, त्याच्या बैलांना त्याचेच शेत होते. पटेल म्हणाला, बैल माझे, नांगर माझा, मी पेरीन. लाडीच्या हातात नांगर दिला तर गाव मला काय म्हणेल? पीक आधो-आध. एवढे तुम्ही आजच लिहून टाका.

म्हणणे वाजवी होते. देवासचा दुसरा कोणताही वकील कागद काढून लिहायला बसला असता. वकीलसाहेबांनी पटेलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला चालवत आवाराच्या पार टोकाला, टांगे उभे होते तिथे नेले. त्याला सांगितले, रस्त्याकडे तोंड करून उभे राहा, मी हाक मारीपर्यंत वळू नका. पटेलाला कारण विचारावे लागले नाही.

परत येऊन ते ओट्यापासून थोड्या अंतरावर थांबले, उजवा कान बाईकडे केला आणि स्वतः झाडाकडे पाहत म्हणाले, "बाई, जेठजी दूर हैं. पटेल आधे में खेत बोना चाहते हैं. तुम्हारी हाँ है या ना?"

बाईने घूंघटाच्या फटीतून टांग्यांकडे पाहिले. मान उंचावून पुन्हा पाहिले. मग पदर कपाळापर्यंत मागे सारला.

"आधो कायको?" ती म्हणाली.

आवाज जाड आणि खणखणीत होता. तिचा भाऊसुद्धा दचकला.

"खेत म्हारो, कुवो म्हारो, तो आधो कायको? तीजो हिस्सो लेवे. ने कुवा को पाणी पेलां म्हारा खेत में, पछे उनका में. ने बीज म्हूँ चुणूँगी, वी घुन लाग्यो बीज बोवे हे, गया साल बी बोयो थो, म्हूँ देखती थी पण बोलती कईं? ने चारो—"

वकीलसाहेबांनी मला लिहायची खूण केली. मी लिहू लागलो. तिसरा हिस्सा, विहिरीची पाळी आधी तिची, बियाणे तिने निवडलेले, किडके नव्हे, कडबा, बांधावरच्या आंब्याची कोयसुद्धा. ती बोटांवर मोजत सांगत होती आणि एक हात संपला की दुसरा पुढे करत होती. मध्येच थांबून तिने वकीलसाहेबांना विचारले, "ने साब, तमने यो पेलां क्यों नी पूछ्यो?"

ते म्हणाले, "बाई, तब मुझे पूछना नहीं आता था."

तिने ते ऐकून घेतले, मान हलवली आणि कडब्यावर परत आली.

टांग्यांकडून पटेलाने रस्त्याकडेच तोंड ठेवून हाक दिली, "साब, हाँ की के ना? आऊँ कई?"

"ठहरो, पटेल," वकीलसाहेब ओरडले. "अभी तो बैलों की बात बाकी है."